सोवळ्यातले बूट आणि एक ट्राम

"दसरा झाला की माझं तिकीट बदलून दे," बाबा चहाच्या कपात बघत म्हणाले, आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की शनिवारी ह्यांना ट्राम दाखवायला न्यायचं.

बाबा म्हणजे सांगलीतले मोटर रिवाइंडिंगवाले. विहिरींवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची नवी कॉइल भरायची, वार्निश मारायचं, आयुष्यभर हेच. आई गेली, गुडघे गेले, आणि उन्हाळ्यात दुकानही विकलं. सप्टेंबरात मी त्यांना सहा महिन्यांसाठी इंग्लंडला, मिल्टन कीन्सला माझ्याकडे आणलं, तर साहेब दिवसभर खिडकीतून राउंडअबाउट बघत बसायचे. "सगळं छान आहे गं. पण मला इथे काही काम नाही." अहो, पण सांगलीला तरी काय होतं? कुलूप लावलेलं घर. त्या घरात त्यांना एकट्याला पाठवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

शनिवारी खंडेनवमी होती. सकाळी एम वनला लागलो आणि लेस्टरला वाकडी वाट करून गुजराती दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवर थांबलो. तुम्ही जाणार असाल तर नऊच्या आत पोचा, नंतर पार्किंगच्या नावाने बोंब. गरम जलेबी-फाफडा खाल्ला आणि मी झेंडूची पिशवी घेतली.

"फुलं कशाला?" बाबा म्हणाले. "पूजा कशाची करू? तुझ्या मायक्रोवेव्हची?"

दरवर्षी ह्या दिवशी दुकानातल्या वाइंडिंग मशीनला हार, हत्यारांना हळदकुंकू, शेजारपाजाऱ्यांना पेढे. मी पिशवी मागच्या सीटवर टाकली.

लेस्टरपासून डर्बीशायरमधलं ते ट्राम म्युझियम तासाभरावर आहे. शेवटचे काही मैल रस्ता अरुंद आणि चढाचा, समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स घ्यायची तयारी ठेवा. दोघांची तिकिटं पन्नास पौंडांच्या आत झाली आणि तेवढ्यात वर्षभर कितीही वेळा येता येतं. सीनियर सिटिझनची सवलत बाबांनी स्वतः मागून घेतली! डबा घरून न्या. कॅफेतली सँडविचेस ठीकठाक आहेत, पण दरीकडे तोंड करून बाकावर खाल्लेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी ती चटणीच.

दुमजली ट्राममध्ये वर बसलो. टोकाला पोचल्यावर कंडक्टर खाली उतरून तारेवरचा लांब दांडा फिरवतो आणि प्रवासी आपापल्या बाकाची पाठ उलटी ढकलतात, की झाली गाडी परतीला तयार. मी लहान मुलीसारखी चार बाकं फटाफट उलटवली. बाबा मात्र खालून येणारा मोटरचा आवाज ऐकत होते. "डावीकडची थोडी घरघरतेय," एवढंच बोलले.

मग वर्कशॉप. वरच्या गॅलरीतून खालचं काम बघता येतं. खाली एक सत्तरीचे गृहस्थ ट्रामच्या मोटरचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरता भाग, पुढ्यात घेऊन खाचांमध्ये कॉइल बसवत होते. बाबा कठड्याला जे चिकटले ते हलेचनात. वीस मिनिटांनी त्या गृहस्थांनी वर बघितलं. मी म्हटलं, माझे वडील पन्नास वर्षं हेच काम करत होते.

"देन व्हॉट्स ही डूइंग अप देअर?" ते म्हणाले. त्यांचं नाव ग्रॅहम, नोकरीतून रिटायर झालेले, आता इथे फुकट राबणारे.

आम्ही जिना उतरलो. दाराशी बाबांनी माझ्या हँडबॅगकडे बोट केलं. "एक झेंडू दे." मी पिशवीतली दोन फुलं बॅगेत टाकली होती ते ह्यांनी बघितलं होतं तर! आणि मग, मी काही बोलायच्या आत, बूट काढून मोज्यांवर आत पाऊल टाकलं.

"नो, नो, नो! शूज ऑन!" ग्रॅहम ओरडलेच. तिथे पोलादी टोकाच्या बुटांशिवाय कुणालाच आत सोडत नाहीत.

"खंडेनवमीला यंत्रापाशी बूट घालून जाऊ?" बाबाही इरेला पेटले. "नाही जमायचं. चल, निघू."

हा माणूस आता कारमध्ये बसणार आणि उद्या बॅग भरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी ग्रॅहमना घाईघाईने समजावलं, आज हत्यारांची पूजा असते, चपला बाहेर काढतात, वगैरे वगैरे. त्यांनी डोकं खाजवलं, आत गेले आणि एक खोका घेऊन आले. त्यात कोरे करकरीत सेफ्टी बूट. "नेव्हर टच्ड द रोड," ते म्हणाले.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी बूट उलटसुलट करून तळ तपासले.

"म्हणजे सोवळ्यातले बूट म्हण की!" आणि घातले.

आर्मेचरवर झेंडू ठेवला, हात जोडले. ग्रॅहमनी टोपी काढली. मला रडू आलं, लपवून काय करू. मग दोघे जे कामाला लागले! ह्यांना इंग्लिश बेताचं, त्यांना मराठी शून्य, आणि दुभाष्याला कोणी विचारेना. कॉइल सुटू नये म्हणून खाचेत पट्टी ठोकताना बाबा म्हणाले, "बांबू. वुई पुट बांबू." ग्रॅहमनी त्यांच्या हातात आपली मोगरी दिली. बाबांनी ती तोलली. "हलकी आहे."

निघताना ग्रॅहम म्हणाले, ही मोटर इस्टरपर्यंत ट्रामखाली बसवायचीय आणि बुधवारी हात कमीच पडतात. व्हिसावर असं काम चालतं का ते विचारून घ्यावं लागेल, मी म्हटलं.

घरी आलो, तर बाबा पलंगाखालून सुटकेस ओढायला लागले. माझं धाबं दणाणलं. त्यांनी कपडे बाजूला केले आणि तळातून काढली लाकडी मोगरी, दुकानातली, दांड्यावर पन्नास वर्षांच्या हाताचा खळगा पडलेली. देवांपुढे ठेवली, उरलेली फुलं वाहिली.

"ही आणली होतीत? मग सकाळी का नाही पूजा केलीत?"

"पूजा करून परत कपड्यांखालीच ठेवायची ना. मन होईना." त्यांनी ती पुसली आणि बाहेरच टेबलावर ठेवली.

तिकिटाचा विषय मी काढलाच नाही. रविवारी सोनं दिल्यावर त्यांनीच विचारलं, "इस्टर कधी असतो गं?"