गळक्या डब्यातलं तेल

नोकरीत खूनखराबा पुष्कळ पाहिला, पण मनातून न गेलेलं प्रकरण तेलाच्या डब्यांचं. तेव्हा मी भोपाळला, इंद्रपुरीजवळच्या ठाण्याचा प्रभारी होतो.

कारखान्याच्या वसाहतीत नागपूरकडच्या एका कुटुंबाची स्वस्त किराण्याची दुकानं होती. थोरल्या भावाने एका टपरीपासून सुरुवात करून पार विदिशापर्यंत शाखा काढल्या. सगळे त्यांना दादा म्हणत. भाव कमी, माल चोख. माझ्या घरचा किराणाही तिथलाच.

मग वसाहतीत माणसांचे पाय सुजू लागले. डॉक्टरांनी मोहरीच्या तेलावर बोट ठेवलं. खबऱ्याने सांगितलं, दादांच्या अवधपुरीच्या गोदामात डबे उघडून पुन्हा सील होतात. छापा घातला, नमुने प्रयोगशाळेत पाठवले, भेसळ निघाली. दादांना ठाण्यात आणलं, तेव्हा बाहेर लोक त्यांच्या अटकेसाठी अडून बसले होते.

"तेल माझ्या दुकानातलं हाये, साहेब. लिहून घ्या," एवढंच ते म्हणाले. सराईत माणूस आधी दुसऱ्याचं नाव घेतो. हा गडी कोणाचंच घेईना. मला ते खटकलं.

घरझडतीला गेलो. त्या घरात एक रीत होती: फुटका पुडा, गळका डबा घरी आणायचा, धड माल गिऱ्हाइकाला. स्वयंपाकघरात त्याच खेपेचा गळका डबा होता आणि दादांच्या म्हाताऱ्या आईचे पाय टम्म सुजले होते. ठाऊक असून कोणी आईला हे खाऊ घालील का?

तिथून गोदाम सांभाळणाऱ्या पुतण्याचं घर गाठलं. त्याच्या ओट्यावरचा डबा धड होता, आणि दुसऱ्याच दुकानातला.

"काकाच्या घरी दुकानातलं तेल, तुझ्या घरी बाहेरचं. का रे?"

"बायकोला हेच आवडतं, सर."

"बरं. मग चल, आजीचे पाय बघून येऊ."

तेवढ्यावर तो सगळं ओकला.

दादांना म्हटलं, तुम्ही सुटलात. ते म्हणाले, "भेसळ त्यानं केली जी, पण लोकांनी तेल माझ्या भरोशावर नेलं." सगळ्या शाखांची शटरं त्यांनी स्वतःच्या हाताने ओढली. कोर्टात पुतण्याविरुद्ध साक्ष दिली. इतका सरळ माणूस मी खाकीतही क्वचितच पाहिला.

जबाब ठाण्यात घ्यावा, पण माणूस ओळखायचा तर त्याच्या स्वयंपाकघरात डोकवावं, हे मी तिथे शिकलो.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे गेलो. आई बऱ्या होत्या. दुकान मात्र पुन्हा टपरीएवढंच. चहाबरोबर बिस्किटं आली, सगळी तुटकी. मला हसू आलं.

"धड पुडे दुकानात हायेत, जी," दादा म्हणाले. "पाहिजे तर विकत घ्या."