मारायचंच होतं

गालेबोए आमच्या खोत्ल्याचा, म्हणजे गावच्या न्यायसभेचा, कारकून. सव्वीस वर्षं तो गावप्रमुखाच्या, आमच्या कोसीच्या, उजव्या हाताला बसून लिहीत होता आणि मी तिथलाच पोलीस, समोर उभा राहून त्याला छळत होतो. अक्षर सुरेख, पण डोक्यात हवा. आमच्या सेत्स्वाना भाषेत लिहिलं तरी चालायचं, पण हा पठ्ठ्या इंग्रजीतच लिहायचा.

"कुणासाठी रे एवढं? गाई वाचणार आहेत?" मी विचारायचो.

"कागद कधी वर जाईल सांगता येत नाही, रा," तो म्हणायचा. आमच्यात पुरुषाला मानाने 'रा' म्हणतात.

आमच्याकडे शेतात घुसलेली गुरं, शिवीगाळ, भुरटी चोरी, हाणामारी एवढंच चालतं. वकिलाला मज्जाव, ज्याने त्याने आपल्या तोंडाने बोलायचं. त्याहून मोठं काही असलं की मॅजिस्ट्रेटकडे. खून मात्र हायकोर्टाचा, आणि तिथे फाशी आहे. त्याच्याही वर अपिलाचं कोर्ट. तिथे माणसांना काही विचारत नाहीत, खालून आलेले कागद वाचतात. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आता त्याची भीती वाटते.

त्या दिवशी केबोनांग गुराखी उभा होता. ओदिरिलेने त्याची गुरं हौदावरून हाकलली, म्हणून याने त्याच्या डोक्यात काठी घातली होती. ओदिरिले फडकं बांधून समोरच बसला होता.

"मारलंस?" प्रमुखांनी विचारलं.

"मारलं, कोसी. मला त्याला मारायचंच होतं."

"आणि मी मेलो, बघा!" ओदिरिले म्हणाला. सगळी सभा हसली, मीही हसलो. आमच्या भाषेत चोपायला आणि जीव घ्यायला शब्द एकच. इंग्रजीत दोन आहेत. गालेबोएने हसता हसता दुसरा लिहिला, जीव घेण्याचा. केबोनांगला चार फटके झाले, ते मीच दिले. संध्याकाळी दोघे एकाच भोपळ्याच्या तुंब्यातून ज्वारीची दारू प्यायले.

विसाव्या दिवशी ओदिरिले अंगणात कोसळला तो उठलाच नाही. डोक्यात रक्त साठलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

खुनाचा निकाल मॅजिस्ट्रेटच्या हातात नसतो. त्यांनी केबोनांगला कोठडीत घातलं आणि फाइल वर पाठवली. त्या फाइलीत गालेबोएचा कागद होता. हायकोर्टात सगळा वाद एवढाच, की जीव घ्यायचा इरादा होता का? नसला तर काही वर्षं तुरुंग, असला तर दोर.

गालेबोएला साक्षीला बोलावलं, मी सोबत गेलो. केबोनांगच्या तरुण वकिलाने हसून विचारलं, "काका, तुम्हाला इंग्रजी नीट येतं ना?"

गालेबोएला ते झोंबलं. "एकूण एक शब्द बरोबर आहे," तो शपथेवर म्हणाला.

मला इंग्रजी येत नाही. परतीच्या बसमध्ये त्याने मला दुभाष्याने सांगावं तसं सगळं सांगितलं, तेव्हा त्याने कुठला शब्द लिहिला होता ते कळलं. त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं मला. "गाढवा, उद्याच्या उद्या परत जा!" मी ओरडलो. तो गेला, अर्ज केला, रडला. पण साक्ष होऊन गेली होती. फाशीची शिक्षा झाली, आणि अपिलाच्या कोर्टाने कागद वाचून ती कायम केली.

तो निकाल खोत्ल्यात आला. केबोनांगची आई जमिनीवर पाय पसरून बसली. "वाच, रा. कशावरून मारतायत माझ्या लेकराला?"

गालेबोएने कागद उघडला आणि सेत्स्वानात सांगू लागला. "आरोपी स्वतःच म्हणाला, मला त्याला मारायचंच होतं."

"हो, म्हणालाच होता. मी इथेच होते की. त्याचे चार फटके खाल्ले त्याने," म्हातारी म्हणाली. "पुढचं वाच."

पुढे काही लिहिलेलं नव्हतं.