ओवीचे निम्मे ठोकळे

आता हे सांगायला घेतलंय खरं, पण ऐकून झाल्यावर माझ्याकडे तसल्या नजरेनं बघू नका. आमच्या मजल्यावरची दोन घरं अजून तसं बघतात, तेवढं पुरे आहे.

आम्ही नेरळला वन बीएचकेत राहतो. मी, बायको मीनल आणि सहा वर्षांची ओवी. शिवाय ओवीचे ठोकळे. एकात एक बसणारे, बोटाच्या पेराएवढे प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे असतात, माहीत आहेत ना? सोफ्याखाली ठोकळे, चपलेत ठोकळे. एकदा माझ्या डब्यातल्या पोह्यांत निळी खिडकी निघाली आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी ती हातात घेऊन पाहिली.

तर एका सकाळी अंघोळीला जाताना त्यातला एक माझ्या टाचेत घुसला. ज्यांना अनुभव आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळणार नाही. मी तिथंच बसून मोबाईलवर उपाय शोधला. एक बाई सांगत होत्या, मुलांची निम्मी खेळणी लपवून ठेवा, महिन्याभरानं ती काढून बाकीची लपवा. पसारा निम्मा होतो आणि मुलांना खेळण्यांची किंमत कळते. मला एकदम पटलं. टाच ठणकत असली की माणसाला काहीही पटतं.

ओवी शाळेत, मीनल बाजारात. मी निम्मे ठोकळे एका पिशवीत भरले. पण वन बीएचकेत लपवणार कुठं? शेवटी पिशवी बाईकला अडकवली आणि कळंबला आईकडं नेऊन दिली.

"आई, हे ठेव. सध्या नकोयत."

"बरं," आई म्हणाली. आई फारसं काही विचारत नाही. हा तिचा गुण आहे असं तोवर मला वाटायचं.

संध्याकाळी ओवीनं डबा उघडला. "पप्पा, माझी चाकं कुठायत? आणि दारं?"

सांगून टाकायची वेळ ही होती. पण माझ्या तोंडून निघालं, "असतील इथंच कुठंतरी." मीनललाही बोललो नाही. ती पहिला प्रश्न विचारणार, "ओवीला विचारलंत का?" आणि ते तर मी विचारलंच नव्हतं.

ओवीनं घर पालथं घातलं. मग विचार करून म्हणाली, "काल जुई आली होती."

जुई म्हणजे समोरच्या सचिन-वैशालीची मुलगी, पाच वर्षांची. दोघी दिवसभर या दारातून त्या दारात. मीनल वैशालीला अगदी हळू आवाजात म्हणाली, "चुकून तुमच्याकडं आलेत का, जरा बघशील?" पण असलं वाक्य कितीही हळू बोललं तरी लागतंच. वैशालीनं गाद्यासुद्धा उलट्या केल्या. मिळणार कुठून? दुसऱ्या दिवशी ती वाटीभर ठोकळे घेऊन आली.

"वहिनी, हे जुईचेच आहेत. पण ठेवा ओवीला."

"अगं, असं नको गं."

"नाही, ठेवाच."

ती वाटी तीनदा इकडून तिकडं गेली. मी पेपर तोंडासमोर धरून उभा. त्या दिवसापासून दिवसभर उघडी असणारी दोन्ही दारं बंद झाली. ओवी खिडकीत बसायला लागली. मला जेवण जाईना, पण तोंडही उघडेना.

शनिवारी मी बेत केला. पिशवी आणायची, पलंगाखाली मागच्या बाजूला सरकवायची आणि सगळ्यांसमोर आपणच शोधून काढायची. सुटलो. थेट कळंब गाठलं.

"ती पिशवी?" आई म्हणाली. "ती तं अंगणवाडीत दिली."

"दिली?"

"तूच म्हनलास ना रं, नकोत. मंग घरात ठेवून काय लोणचं घालू? पोरं लय खूश हायत. जा, बघून ये."

गेलो. पंधरा-वीस पोरं ओवीच्या ठोकळ्यांभोवती बसलेली. एका चिमुरडीनं काहीतरी निळं बनवून त्याला चार चाकं लावली होती.

"ही आमची म्हस हाय," तिनं सांगितलं.

"म्हशीला चाकं?"

"मंग पळती ना ती." तिनं मूठभर ठोकळे माझ्यापुढं सरकवले. "तुमी पन बनवा."

मी बसलो आणि एक भिंत बांधली. मागून आई आली होती. "पायजेत तर माग की," ती म्हणाली. मी उठलो आणि म्हणालो, "राहू दे."

परत निघालो तो डोक्यात नवीन थाप जुळवतच. नदीवरच्या पुलावर आलो तर कडेला सचिनची स्कूटर. खाली पाहिलं, तर सचिन गुडघाभर पाण्यात, पॅण्ट वर दुमडलेली आणि हातात घरची पिठाची चाळण.

मी खाली उतरलो. "सचिन, काय करतोयस रे?"

त्यानं मान वर केली नाही. "दादा, माफ करा. जुईनं सकाळी कबूल केलं. ठोकळे तिनंच घेतले होते. परवा माझ्या मागं स्कूटरवर बसली होती, तेव्हा पुलावरून नदीत टाकले म्हणते." त्यानं चाळण झटकली आणि माझ्यापुढं हात केला. "एक लाल सापडलाय. तुमचाच आहे का बघा."

ते बाटलीचं झाकण होतं.

मी काठावरच्या दगडावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. टाच, मोबाईलवरची बाई, कळंब, अंगणवाडी, सगळं. तो पाण्यात उभा राहूनच ऐकत होता. शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जुई सकाळपासून दारामागं बसलीय," तो एवढंच म्हणाला आणि चाळण घेऊन वर चढायला लागला.

आमच्या मजल्यावर दोन्ही दारं वाजवून मी सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि तीच गोष्ट पुन्हा उभ्यानं सांगितली. वैशाली भिंतीला टेकली. मीनलनं हाताची घडी घातली. तिला ओळखणाऱ्यांना त्याचा अर्थ कळेल. ओवी आत गेली, उरलेल्या ठोकळ्यांचा डबा घेऊन आली आणि जुईच्या पायाशी ठेवला.

मी जुईसमोर खाली बसलो. "जुई, तू तर काहीच केलं नव्हतंस. मग हो कशाला म्हणालीस गं?"

"आई सारखी ओरडत होती," ती म्हणाली. "हो म्हटल्यावर थांबली."

वैशालीनं ओढणी डोळ्यांना लावली आणि तिला उचलून घेतलं. आईच्या खांद्यावरून जुई बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. तिला काहीतरी जुळत नव्हतं.

"काका, तुम्ही पण कबूल केलं ना? मग तुम्हाला कोण ओरडलं?"

"अजून कुणी नाही," मी म्हणालो.

मीनलनं आमचं दार उघडलं आणि धरून ठेवलं. "या आत," ती मला म्हणाली.