वायपरची पट्टी

माझ्या टेबलाच्या खणात कुलपं उघडायची अकरा हत्यारं आहेत. बायको त्यांना दातकोरणी म्हणते. फोनवर आम्हा हौशी कुलूपवाल्यांचा एक ग्रुप आहे. परवा तिथे कुणीतरी विचारलं, की सगळी टाकून एकच ठेवायचं झालं तर कोणतं ठेवाल? लोकांनी पटापट फोटो टाकले. कुणाचा टोकाला वाकवलेला आकडा, कुणाची करवतीच्या दातांची सळई, कुणाचं परदेशातून मागवलेलं मुठीचं काहीतरी. मी तीन दिवस गप्प बसलो. उत्तर ठाऊक होतं, पण ते देताना मागचा मे महिना आठवायचा, आणि त्या महिन्यात मी काही फार शहाण्यासारखा वागलो नव्हतो.

हा छंद निवृत्तीनंतरचा. त्याआधी बत्तीस वर्षं मी भिलाईच्या स्टील प्लांटात मेंटेनन्स फिटर होतो. तिथे काही अडलं की आधी तेल, मग पाना, आणि तरीही ऐकलं नाही तर घण. या सवयीचे हात घेऊन मी कुलपाशी बसलो. कुलपाच्या पोटात स्प्रिंगवर बसलेल्या बारक्या पिना असतात. चावी त्यांना आपापल्या उंचीवर उचलते तेव्हा कुलूप फिरतं. चावी नसेल तर एका हाताने पट्टी घालून फिरवण्याचा किंचित ताण द्यायचा आणि दुसऱ्या हातातल्या आकड्याने एकेक पिन उचलायची. सगळे त्या आकड्याचं कौतुक करतात, कारण काम तो करताना दिसतो. पण कुलूप उघडतं ते पट्टीवरच्या ताणाने. ताण जास्त झाला की पिना जागच्या जागी आवळतात आणि मग तुम्ही ब्रह्मदेव असलात तरी काही हलत नाही.

माझा ताण नेहमी जास्तच व्हायचा. विकत घेतलेल्या संचातले दोन आकडे मी पहिल्याच महिन्यात मोडले आणि एक कुलूप भिंतीवर फेकलं. "कुलपाशीबी भांडून राहिले तुमी," बायको म्हणाली. "आता घरात भांडाले कोनी उरलं नाही वाट्टे."

पुढे एकदा रायपूरहून येताना कुम्हारीला गाडी पंक्चर झाली. शेजारच्या गॅरेजवाल्याने एका कारचा जुना वायपर काढून कचऱ्यात टाकला होता. वायपरच्या रबरात स्टीलच्या दोन पातळ पट्ट्या असतात. त्यातली एक मी मागून घेतली, घरी गॅसवर तापवून पकडीने टोकाला वाकवली. ती इतकी पातळ होती की जोर लावला की स्वतःच वाकायची. म्हणजे माझा हात जड झाला की मला दिसायचं. तिच्याबरोबर महिनाभर बसलो आणि जी कुलपं वर्षभर हुलकावणी देत होती ती उघडू लागली. ग्रुपवरच्या प्रश्नाचं उत्तर हेच. कचऱ्यातली पट्टी.

आमच्या छंदात दोन नियम आहेत. वापरातल्या कुलपावर सराव करायचा नाही, आणि ज्याचं कुलूप त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. हे दोन्ही मी पाळत होतो. चूक केली ती मिरवण्याची. होळीला आमच्या सेक्टर 10 मधल्या क्वार्टरांच्या लाइनीतले सगळे अंगणात जमले असताना मी पट्टी खिशातून काढली आणि लोकांनी आणून दिलेली पाच जुनी कुलपं चहा थंड व्हायच्या आत उघडून दाखवली. टाळ्या पडल्या. मी फुगलो. बायको तेवढी म्हणाली, "हे दाखवाची गोष्ट नव्हती."

तीन आठवड्यांनी लाइनीतल्या शेवटच्या क्वार्टरमध्ये चोरी झाली. घरचे चरोद्याला लग्नाला गेले होते. परत आले तर कुलूप न तुटता पायरीवर पडलेलं. सगळे बघायला जमले, मीही गेलो. तेवढ्यात कुणीतरी हसत म्हणालं, "अपने यहाँ तो ताला खोलने वाले कलाकार भी रहते हैं।" बाकीचे हसले, पण थोडे उशिरा. तळपायाची आग मस्तकात गेली. ते कुलूप माझ्या हातात दिलं असतं तर आत ओरखडे आहेत की नाहीत ते बघून मी सांगितलं असतं, की ते हत्याराने उघडलंय की चावीने. कुणी दिलं नाही. चोर कोण ते आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर माझ्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. गोष्टी वेगळ्याच तऱ्हेने कळतात. आमच्या भिंतीला भिंत लागून एक वहिनी एकट्या राहतात. त्यांचे मिस्टर प्लांटात माझ्याच शॉपमध्ये होते, सात वर्षांपूर्वी वारले. दर मे महिन्यात त्या मुलीकडे गोंदियाला जातात आणि जाताना चावी आमच्याकडे ठेवतात. पंधरा वर्षं, मिस्टर होते तेव्हापासून, ती चावी आमच्या दाराजवळच्या खिळ्याला लागते. काम एवढंच, की व्हरांड्यातल्या संत्र्याला पाणी घालायचं. काटोलकडून आणलेलं रोप मिस्टरांनी अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावलं होतं. भिलाईत संत्रं होत नाही असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणूनच लावलं. त्याला वर्षाला चार-पाच फळं येतात, लिंबाएवढी आणि डोळे मिटायला लावणारी आंबट. त्यातलं एक दरवर्षी आमच्या घरी येतं आणि मी ते तोंड वाकडं न करता खातो.

त्या मे महिन्यात वहिनी बॅग घेऊन फाटकाशी आल्या. चावी घेण्यासाठी मी हात पुढे केला होता.

"भाऊजी, या खेपेले चावी मागच्या लाइनीतल्या मॅडमकडे देल्ली," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमाले कावून दरसाल तरास द्या."

"बरं," मी म्हणालो. हात तसाच खिशात घातला. खिशात पट्टी होती.

मला वाईट वाटलं, हे सरळच सांगतो. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, पण मला राग तेवढा दाखवता येतो. चार दिवस मी घरात भांडी आपटत फिरलो.

पाचव्या दिवशी कळलं, की त्या मॅडमच्या सासूबाईंना रायपूरला दवाखान्यात ठेवलंय आणि मॅडमच्या घराला कुलूप आहे. वहिनींची चावी त्या कुलपाच्या आत. मी फाटकातून व्हरांड्यात डोकावलो. संत्र्याची पानं आत वळायला लागली होती. व्हरांड्याला कुलूप लावलेलं ग्रिल आणि त्याच्या आतून डासांची बारीक जाळी आहे. मी मगाने पाणी मारून बघितलं. सगळं जाळीवरून ओघळून पायरीवर आलं.

"उघडा न," बायको म्हणाली. "अर्ध्या मिनिटाचं तं काम हाय तुमचं."

"न विचारता नाही."

"मंग फोन लावा."

"तिनं चावी दुसऱ्याले दिली. तिले काळजी असन तं ती लावन."

"मॅडम तिकडं हाय, हे तिले कोन सांगन?"

मी पेपर उघडला. आज ते लिहितानाही कानाच्या पाळ्या गरम होतात, पण खरं ते खरं. मला आतून कुठेतरी बरं वाटत होतं. वाळू दे, मग कळेल, असं. नियमाचं नाव पुढे करत होतो आणि मागे उभा राहून सूड घेत होतो. असे दोन दिवस गेले. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, पश्चिमेचा व्हरांडा. सातव्या दिवशी सकाळी खालची पानं ड्रममध्ये पडलेली दिसली. बायको माझ्याशेजारी उभी राहिली. या वेळी ती चिडवत नव्हती.

"भावानं लावलेलं झाड हाय ते," ती म्हणाली. मिस्टरांना ती भाऊ म्हणायची. "तुमी राग त्याच्यावर काढून राहिले."

मी फोन लावला. "वहिनी, संत्रं सुकून राहिलं. मॅडम रायपूरले हाय. मी कुलूप उघडू का?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता त्या म्हणतील राहू द्या, आणि मग मी या लाइनीत कुणाच्या तोंडाकडे बघू?

"तोडा लागन का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तोडत नाही मी."

"मंग उघडा. मी फोनवरच हाओ."

मी फोन पायरीवर ठेवला आणि बसलो. होळीला पाच कुलपं गंमत म्हणून उघडली होती, आणि आता एक उघडेना. त्या फोनवर का थांबल्या, विश्वास म्हणून की पहारा म्हणून, हे डोक्यातून जाईना. आकडा पिनांवर नुसता घासत होता. पट्टीकडे बघितलं तर ती धनुष्यासारखी वाकलेली. हात काढला, लुंगीला पुसला, पुन्हा घातला. या वेळी पट्टीवर बोट नुसतं टेकवलं. पहिली पिन बसली, दुसरी, मग थोडं थांबून तिसरी. कुलूप उघडलं.

"उघडलं," मी म्हणालो.

"आवाज आला मले," वहिनी म्हणाल्या.

मी तीन बादल्या पाणी घातलं, हळूहळू, माती पिईल तसं. ड्रमवर जुनं पोतं टाकून उन्हाची बाजू झाकली. फोन अजून चालूच होता. कुलूप पुन्हा लावतो असं सांगायला मी तो उचलला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "आतल्या मीटरच्या डब्यावर हात घाला. तिथं याच कुलपाची दुसरी चावी हाय. ते तुमच्याकडं ठेवा." मग त्यांचा आवाज बदलला. "तुमच्यावर शक नव्हता भाऊजी. लोक बोलत होते अन मी भेली. पन चावी तिकडं देल्ल्यापासून मले झोप नव्हती."

"मीबी दोन दिवस उशिरा फोन लावला वहिनी," मी म्हणालो. "मुद्दाम."

त्या मग म्हणाल्या, "उद्या सकाळीच पानी घालजा, उन्हाच्या आंधी."

चावीवर धुळीचा थर होता. ती मी घरी आणून खिळ्याला लावली आणि बायकोसमोरच डोळे पुसले. तिने चहा ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी रोज त्या चावीने कुलूप उघडत होतो. चावी घासलेली होती, दोन-तीनदा हलवावी लागायची. पट्टीने लवकर झालं असतं. पण पट्टी खणात होती.

झाडाने निम्मी पानं टाकली. जूनमध्ये एका फांदीला पालवी आली, बाकीच्या काळ्या पडल्या. वहिनी परतल्या त्या दिवशी मी चावी हातात घेऊन फाटकाशीच उभा होतो. आधी त्यांनी व्हरांड्यात डोकावून झाड बघितलं, बराच वेळ. मग चावी घेतली, कुलूप उघडलं, बॅग आत ठेवली आणि तशाच आमच्या घरात आल्या. मला वाटलं, पाणी प्यायला आल्या. त्यांनी चावी आमच्या खिळ्याला लावली.

"वहिनी, आता तं तुमी आल्या न," मी म्हणालो.

"माझ्याजवळ हाय माझी," त्या म्हणाल्या. "हे इथंच राहू द्या."