बाजारपट्टीचा डबा

पिंपरी पेंढारच्या बाजारात मी मिरच्या विकायला बसायचो. बिबट्या वस्तीत यायला लागला, तेव्हा शाळेभोवती भिंत बांधायचं ठरलं आणि तिच्यासाठी बाजारपट्टी सुरू झाली.

ती गोळा करणारा म्हातारा पत्र्याचा डबा घेऊन फिरायचा. आपण पैसे टाकताना तो मुद्दाम दुसरीकडं बघायचा. ज्याची भवानी झाली नसेल, त्याच्यापुढं थांबायचाच नाही.

एकदा मी तडकलो. "भिंत तुमच्या गावाची. मी लोणीचा, माझा काय संबंध?"

"यष्टी चुकली तर निजणार कुठं, पावणं?" तो शांतपणे म्हणाला.

पुढं एकदा खरंच एसटी चुकली. तोवर भिंत उभी राहिली होती. दिवेलागणीला त्यानंच मला शाळेच्या ओसरीवर नेलं, पाण्याचा तांब्या ठेवला. पट्टी पंचायतीत भरून झाली होती. रिकाम्या डब्यात तो मूठभर खडे भरू लागला.

"हे कशाला?"

"माझं घर भिंतीभाईर, उसात. डबा वाजला की जनावर बाजूला व्हतं."

फाटक बाहेरून ओढून घेऊन तो निघाला. मी भिंतीच्या आत आडवा झालो आणि उसातून लांब जाणारा तो खडखडाट कान देऊन ऐकत राहिलो.