लुक आफ्टरचा पाढा

तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. बोललो मात्र कधीच नाही. घाटनांदूरच्या शाळेत तशी वेळच आली नाही. मुख्याध्यापक मराठीत रागवायचे, पोरं मराठीत खोड्या काढायची आणि इंग्रजीचा धडा मी मराठीत समजावून सांगायचो. इंग्रजी फळ्यावर असायचं, तास संपला की पुसलं जायचं.

माझं नाव होतं ते पाढ्यांसाठी. अंकांचे नव्हे, इंग्रजी क्रियापदांचे. लुक म्हणजे बघणे, हे कुणालाही येतं. पण त्याच्या मागं आफ्टर लागलं की बघणं संपतं आणि सांभाळणं सुरू होतं. काळजी घेणे, निगा राखणे, लक्ष ठेवणे. आणि त्याच अर्थाचे इंग्रजी शब्द: टेक केअर ऑफ, अटेंड टू, टेंड, माइंड, नर्स, वॉच ओव्हर. हे सगळं उभं राहून, हाताची घडी घालून, एका दमात म्हणायचं. मी टेबलावर पट्टीनं ठेका धरायचो. कुणी अडकलं की पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर पुरवायचो. असे शंभर पाढे मी एका रजिस्टरमध्ये उतरवले होते.

रिटायर होऊन अंबाजोगाईला राहायला आलो, तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात उभी राहिली. आता ती इथल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टर म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो.

"सर, परदेशातल्या दवाखान्यात अर्ज केलाय. कॉम्प्युटरवर मुलाखत हाय. गेल्या टायमाला बोलताच आलं न्हाई. आता न्हाई जमलं तर एजन्सी वर्षभर नाव पाठवणार न्हाई."

"जायचंच कावून एवढं?" आमच्या मंडळींनी विचारलं.

"काकू, नऊ वर्षं झाली. डॉक्टर मला नावानं न्हाई, चुटकी वाजवून बोलवतेत. तिथं म्हणं डॉक्टर आधी नर्सला विचारतेत, पेशंट कसा हाय, आन् मग औषध लिहितेत. तसं एकदा कुनीतरी मला विचारावं."

मी रजिस्टर काढलं. दोन महिने ती सकाळची ड्युटी संपवून यायची आणि आमच्या बैठकीत उभी राहून पाढे म्हणायची. एकदा मध्येच थांबून म्हणाली, "सर, हे सगळे एक न्हाईत. टेंड म्हणजे जखमेचं ड्रेसिंग करतो तसलं वाटतंय. माइंड म्हणजे आई चहाला गेली की तिचं लेकरू आपण घेऊन बसतो ते. आन् वॉच ओव्हर म्हणजे आयसीयूत रात्रभर त्या मॉनिटरकडं बघत बसायचं."

मी पट्टी आपटली. "अर्थाच्या नादी लागू नको. पाढा मोडतो."

शब्दांचे अर्थ जिच्या दोन्ही हातांना ठाऊक होते, तिला मी हे सांगितलं. आजही आठवलं की कानाची पाळी गरम होते.

मुलाखत आमच्याच घरी होती, कारण आमच्याकडं नेट चांगलं चालायचं. मी कपाटाच्या आडोशाला खुर्ची टाकून बसलो. मंडळी म्हणाल्या, "तुमी कशाला तिथं नवरदेवासारखं बसायलात? पोरीला बोलू द्या की."

"धीर असतो," मी म्हणालो.

पडद्यावर एक वयस्कर गोरी बाई आली. नाव, शिक्षण, अनुभव, सगळं ठीक झालं. मग तिनं विचारलं की एखादी म्हातारी जेवायलाच नाही म्हणाली, तर तुम्ही तिला कसं सांभाळाल. प्रश्नात 'लुक आफ्टर' आलं आणि सिस्टर ताडकन उभी राहिली. त्या बाईला आता फक्त तिच्या पोटावरची हाताची घडी दिसत असणार.

"टेक केअर ऑफ, अटेंड टू, टेंड, माइंड..." सिस्टर अडकली.

माझ्या हाती पट्टी नव्हती, म्हणून मी गुडघ्यावर ठेका धरला होता. तीस वर्षांची सवय. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "न... नर्स."

"नर्स, वॉच ओव्हर," सिस्टरनं पाढा पुरा केला.

बाईनं पडद्याजवळ कान आणला. मग विचारलं, खोलीत आणखी कुणी आहे का? मागून सांगणारं कुणी सापडलं की मुलाखत रद्द, हा नियम सिस्टरला माहीत होता. तरी तिनं मला हाताला धरून पुढं आणलं. बाईनं अगदी सावकाश विचारलं, आपण कोण?

हजारभर पोरांकडून मी स्वतःची ओळख इंग्रजीत पाठ करून घेतली असेल. मी तोंड उघडलं. "माय" एवढं बाहेर आलं. पुढचं अक्षर पुरवायला कुणी नव्हतं. हात गार पडले, बनियन भिजलं, भिंत हलल्यासारखी वाटली.

सिस्टर कॉम्प्युटर विसरली. मला खुर्चीत बसवलं, गळ्याचं बटण सोडलं, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिली. "श्वास घ्या सर. नाकानं. आता सोडा. कुनी खात न्हाई तुमाला." मग मान वळवून पडद्याला म्हणाली, "ही इज माय टीचर. ही इज अफ्रेड ऑफ इंग्लिश. पल्स हंड्रेड टेन. फर्स्ट आय गिव्ह वॉटर, देन आय टॉक. सॉरी."

मुलाखत रद्द झालीच. पण दोन दिवसांनी मेल आला: आठ दिवसांनी पुन्हा या, आणि आधी कॅमेरा फिरवून रिकामी खोली दाखवा.

ते आठ दिवस रजिस्टर उघडलं नाही. मला जेवणाला नाही म्हणणारी म्हातारी केलं. सबंध घरात बिनइंग्रजीची तेवढीच भूमिका होती. मी तोंड फिरवायचो, सिस्टर मला मोडक्या इंग्रजीत समजवायची, कण्या भरवायची आणि मंडळी दारातून सांगायच्या, "लई सोंग करायलेत, चमचा बळंच घाल."

मुलाखतीच्या दिवशी मला तासभर मंडईत पिटाळलं. मेथीच्या तीन जुड्या घेऊन परतलो.

"काय विचारलं?"

"अवघड पेशंट कसा सांभाळला ते सांगा म्हणाल्या. तुमचीच केस सांगितली सर. बाई लई हसल्या. मग विचारलं, आता पेशंट कसा हाय? मी म्हटलं, बीपी वाढलेलं हाय, ऐकत न्हाई."

निवड झाली. निघायच्या आधी ती भेटायला आली, रजिस्टर मागून घेतलं, 'लुक आफ्टर'चं पान काढलं आणि वॉच ओव्हरच्या खाली मराठीत माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या वेळा लिहिल्या. सकाळी आठला मंडळी ते पान माझ्यासमोर धरतात आणि पट्टीनं टेबल वाजवतात.