आईचं इंग्रजी

विद्यार्थ्यांच्या वह्यांवर लाल पेनाने ‘कीप इट अप’ लिहिताना मला आमच्या हरमल गावच्या रापणीचा ओला दोर आठवतो. किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबलचक जाळं. दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा मिळायचा. आमच्याकडे खोली घेऊन राहिलेली, नुकतीच आजारातून उठलेली गोरी पाहुणी एकदा दोर ओढताना रडकुंडीला आली. माझी निरक्षर आई तिच्यामागून ओरडली, “व्हेरी गुड! कीप इट अप! ओड गो बाय!” जाळं वाळूवर येईपर्यंत पाहुणीने दोर सोडला नाही.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे शब्द आईला माझ्याच शाळेच्या वह्यांतून मिळालेले. टीचरचे शेरे मी तिला बदलून वाचून दाखवायचे. तिथे खरं तर ‘पुअर’, ‘केअरलेस’ लिहिलेलं असायचं. माझी थाप आईने त्या दिवशी खरी करून दाखवली.